आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी
(संगणकीय खेळांतील ‘बॉटलनेक’ कसा ओळखावा?)

— द्वितीय वर्ष, कला

‘आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मंडळी धावपळ करतात, पाणीही भरपूर ओततात. पण जेथे आग लागली आहे तेथे त्यातला थेंबही पोहोचत नाही. आजच्या काळात या म्हणीचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांच्या घोळक्यात जाऊन बसावे. एखाद्याचा खेळ अडखळू लागला, चित्र धक्के खात पुढे सरकू लागले, की भोवतालची मंडळी एका सुरात सांगतात, “ग्राफिक्स कार्ड बदल!” मग घरी पैसे मागितले जातात, नवे कार्ड येते, आणि पुष्कळदा खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहतो.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याची दोन उत्तरे आहेत. एक तर, चांगल्या ग्राफिक्स कार्डाची किंमत आमच्यासारख्या अनेकांच्या घरी वर्षाच्या फीपेक्षाही मोठी असते. ज्या घरात ऊस गेल्यावर किंवा सोयाबीन विकल्यावरच मोठा खर्च निघतो, त्या घराने चुकीच्या जागी पैसे घालणे ही लहान गोष्ट नव्हे. दुसरे असे की, संगणकाच्या या दुखण्याचे निदान करण्याची रीत आपल्या तर्कशास्त्राच्या वर्गातलीच आहे. तिला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त.

एक चित्र, दोन कारागीर

चित्रपटाचा पडदा हलतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः तेथे सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक येत असतात. संगणकावरील खेळाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, चित्रपटाची चित्रे आधीच घेऊन ठेवलेली असतात, तर खेळातले प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते. खेळणारा पुढच्या क्षणी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. अशा एका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात आणि सेकंदाला जितक्या फ्रेम निघतात त्या संख्येला ‘एफपीएस’. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेम पुरेशा असतील तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात, आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, हे येथे ध्यानात ठेवावे.

एवढ्या अल्प वेळात दोन कारागिरांना आपापले काम उरकावयाचे असते. पहिला कारागीर प्रोसेसर. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली, गाडी किती पुढे सरकली, ती कशावर आदळली का, रस्त्यावरील माणसे कोठे चालली आहेत, शत्रूने आता काय करावे, हा सर्व हिशेब तो करतो. हिशेब संपला की ‘येथे झाड काढा, तेथे भिंत काढा’ अशा आज्ञांची यादी तो तयार करतो. या आज्ञांना ‘ड्रॉ कॉल’ म्हणतात. दुसरा कारागीर ग्राफिक्स कार्ड. ती यादी हाती घेऊन पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ते ठरवते. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रोसेसरकडे मोजकेच पण बलवान हात असतात व ते नाना प्रकारची कामे करतात. कार्डाकडे शेकडो ते हजारो लहान हात असतात आणि ते सगळे एकाच प्रकारचे काम एकदम करतात.

लग्नघरातील पोळ्यांचे उदाहरण घेतले म्हणजे ही वाटणी चटकन कळते. एक बाई पोळ्या लाटते, दुसरी भाजते. पहिली पोळी तव्यावर असतानाच लाटणारी दुसरी पोळी लाटावयास घेते. दोघींची कामे एकाच वेळी चालू असतात. आता लाटण्यास २० सेकंद व भाजण्यास ३० सेकंद लागत असतील, तर पोळी किती वेळाने उतरेल? ५० सेकंदांनी नव्हे, २० सेकंदांनीही नव्हे. दर ३० सेकंदांनी एक. म्हणजे जिचे काम हळू, तिच्याच गतीने पंगतीला पोळी मिळणार. लाटणारी कितीही चपळ आणली तरी तिच्या लाटलेल्या पोळ्या परातीत पडून राहतील. ह्या ‘हळू’ जागेलाच खेळणारी मुले ‘बॉटलनेक’ म्हणतात. आपण तिला कोंडी म्हणू.

कोंडीचे गणित

आता हेच आकड्यांत मांडू. समजा, एका खेळात प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरला १२ मिलिसेकंद व कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. फ्रेम दर २० मिलिसेकंदांनी निघेल, म्हणजे सेकंदाला ५०. येथे कोंडी कार्डाची आहे. कार्ड सतत राबते आहे आणि प्रोसेसर दर फ्रेममध्ये ८ मिलिसेकंद रिकामा बसतो. दुप्पट वेगाचे कार्ड आणले तर त्याचे काम १० मिलिसेकंदांत होईल. परंतु एफपीएस दुप्पट होणार नाहीत. आता १२ मिलिसेकंदांचा प्रोसेसर आड येईल व सेकंदाला सुमारे ८३ फ्रेम मिळतील. तरीही खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

याच्या उलट स्थिती पाहा. प्रोसेसरला २० मिलिसेकंद आणि कार्डाला १२ मिलिसेकंद लागत आहेत. एफपीएस तेच, ५०. खेळणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही संगणक सारखेच दिसतील. येथेही दुप्पट वेगाचे कार्ड आणले, ते आपले काम ६ मिलिसेकंदांत करू लागले. पण फ्रेम मात्र दर २० मिलिसेकंदांनीच निघणार! पूर्वी कार्ड ६० टक्के वेळ काम करीत होते, आता ३० टक्के करील. घरचे पैसे देऊन आपण कार्डासाठी विश्रांती विकत घेतली, एवढाच त्याचा अर्थ. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोंडी असणे हा काही रोग नव्हे. कोठे ना कोठे ती असतेच. ती नसती तर खेळ अनंत वेगाने चालला असता. शेतीच्या शास्त्रात यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रसृत केलेला एक नियम आहे. पिकाची वाढ सर्वांत विपुल असलेल्या द्रव्यावर अवलंबून नसते. गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर ती अवलंबून असते. जमिनीत स्फुरद कमी असताना नत्राची पोती ओतून उपयोग होत नाही. संगणकालाही हाच न्याय लागू आहे. म्हणून ‘कोंडी आहे का?’ हा प्रश्न व्यर्थ होय. ‘कोंडी कोठे आहे, आणि मला हवी ती गती तिच्यामुळे अडली आहे का?’ हा खरा प्रश्न.

शिवाय कोंडी ही संगणकाच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. ती खेळागणिक बदलते, एकाच खेळातही प्रसंगागणिक बदलते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ कमी तपशिलाच्या चित्रावर शेकडो फ्रेम काढीत खेळला जातो, तेव्हा बहुधा प्रोसेसरच आधी थकतो. ‘सायबरपंक २०७७’ या खेळात एप्रिल २०२३ पासून प्रकाशाच्या किरणांचा मार्ग काढणारी जी ‘पाथ ट्रेसिंग’ची सोय आहे, ती चालू केली की भले भले कार्ड घामाघूम होते. संगणक एकच, पण या दोन खेळांत अपराधी वेगळा. महाजालावर प्रोसेसर व कार्ड यांची नावे भरली की ‘तुमचा बॉटलनेक अमुक टक्के’ असे सांगणारी गणकयंत्रे आढळतात. खेळ कोणता, पडदा केवढा, खेळणाऱ्याला सेकंदाला किती फ्रेम हव्यात, हे नीट पाहिल्यावाचून असा एकच आकडा सांगणे म्हणजे रोग्याला न पाहता त्याच्या नावावरून औषध देणे होय.

नाडी कशी पाहावी?

निदानाची पहिली पायरी म्हणजे आकडे डोळ्यांसमोर आणणे. विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रोसेसरचा आलेख पूर्वीपासून आहे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरच्या सुधारणेपासून ग्राफिक्स कार्डाचा आलेखही तेथेच दिसतो. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील तर ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ व त्याच्याबरोबर येणारा ‘रिव्हाट्यूनर’ हे विनामूल्य साधन पुष्कळजण वापरतात. काही खेळ तर स्वतःच निदान सांगतात. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ या २०१८ च्या खेळातील चाचणीच्या शेवटी, किती टक्के वेळ कार्डामुळे थांबावे लागले, तो आकडा छापून येतो. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये विकासकांसाठी असलेली पाटी उघडली, तर खेळ या क्षणी कार्डामुळे अडला आहे की प्रोसेसरच्या मुख्य धाग्यामुळे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले दिसते.

ढोबळ नियम असा : कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर स्थिर असेल तर कोंडी कार्डाची. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही एफपीएस अपुरे असतील, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत आहे, आणि तो ‘कोणी’ बहुधा प्रोसेसर असतो.

परंतु या नियमात दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीचा. एखाद्या प्रोसेसरला सहा गाभे व बारा धागे असतात. खेळाचे मुख्य काम त्यांतल्या एकाच धाग्यावर चालले असेल आणि तो पूर्ण भरला असेल, तरी एकूण वापर बाराव्या हिश्श्याचा, म्हणजे सुमारे ८.३ टक्केच दिसेल! ‘माझा प्रोसेसर तर तीस टक्केच वापरला जातो, तो कसा अपराधी असेल?’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. दहा गड्यांपैकी एकटाच विहीर खणतो आहे आणि नऊजण काठावर बसले आहेत. सरासरीने पाहिले तर टोळी दहा टक्केच काम करते आहे, पण विहिरीला वेळ लागतो तो त्या एकट्यामुळेच. जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली हेच गणिताने मांडले होते. जे काम वाटून घेता येत नाही, ते गडी वाढवून लवकर होत नाही. निम्मे काम असे असेल तर गडी कितीही लावा, एकूण वेग दुपटीच्या पुढे जात नाही. म्हणून एकूण टक्केवारी न पाहता टास्क मॅनेजरमधील प्रत्येक धाग्याचा वेगवेगळा आलेख पाहावा. तोही अंतिम पुरावा मानू नये. कारण विंडोज एकच काम या गाभ्यावरून त्या गाभ्यावर हलवीत असते आणि भार विखुरलेला दिसतो.

दुसरा खड्डा लगामाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही आरामात आहेत आणि एफपीएस बरोबर ६० वर खिळले आहेत, तर तेथे कोंडी नसून आपणच लगाम घातलेला असतो. पडद्याच्या गतीशी मेळ घालणारे ‘व्ही-सिंक’ किंवा एफपीएसवरील मर्यादा चालू असते. चाचणीपूर्वी हे सर्व लगाम सोडून द्यावेत.

खरी कसोटी

आलेख संशय निर्माण करतात. निकाल देते ती कसोटी. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. त्यांपैकी व्यतिरेक पद्धती आपण वर्गात शिकतो. दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे ठेवावेत, एकाच बाबतीत फरक करावा, आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. बदलला तर त्या बाबीचा त्या परिणामाशी कार्यकारणसंबंध आहे. परीक्षेसाठी पाठ केलेली ही व्याख्या येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

खेळातली एकच जागा निवडावी. शक्य तर खेळातच दिलेली ठराविक चाचणी घ्यावी, म्हणजे प्रत्येक वेळी तोच रस्ता, तीच गर्दी येईल. प्रथम नेहमीच्या १९२० गुणिले १०८० या आकारावर एफपीएस टिपून घ्यावेत. नंतर बाकी काहीही न बदलता आकार १२८० गुणिले ७२० करावा. आता ठिपके ९,२१,६०० इतकेच, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाले. कार्डाचे ओझे बरेच उतरले. प्रोसेसरचे ओझे मात्र तेवढेच राहिले. कारण चित्र लहान केले म्हणून रस्त्यावरची माणसे कमी होत नाहीत की गाडीच्या धडकेचा हिशेब सोपा होत नाही. पोळी कमी खरपूस भाजावयाची ठरवली तर भाजणारीचा वेळ वाचेल, लाटणारीला काय त्याचे?

एफपीएस भरपूर वाढले, तर कोंडी कार्डाची होती. ते जागचे हलले नाहीत, तर कार्ड निर्दोष आहे आणि कोंडी प्रोसेसरच्या बाजूची आहे. थोडेसेच वाढून थांबले, तर दोघे जवळजवळ तुल्यबळ आहेत असे समजावे.

मग उलट तपासणी करावी. आकार पुन्हा पूर्ववत करून, ज्या गोष्टींचा भार प्रामुख्याने प्रोसेसरवर पडतो अशी एखादीच गोष्ट कमी करावी. उदाहरणार्थ रस्त्यावरील गर्दी किंवा किती दूरवरच्या वस्तू दाखवाव्यात ती मर्यादा. याने एफपीएस वाढले तर पहिल्या निकालाला दुजोरा मिळाला. न्यायालयात एका साक्षीदारापेक्षा दोन बरे.

एका घरातील उदाहरण

माझा चुलतभाऊ तालुक्याच्या गावी लेथच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने जुना संगणक घेतला होता. प्रोसेसर कोअर आय-५ ४४६०, म्हणजे २०१४ मधला, चार गाभे व चारच धागे असलेला. कार्ड जीटीएक्स १६५०. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळात शहरातून वेगाने गाडी नेली की चित्र थबके, मग एकदम उडी मारी. दुकानदाराने नेहमीचा सल्ला दिला : कार्ड बदला. किंमत ऐकून घरात शांतता पसरली. दादाचे दीड महिन्याचे वेतन त्यात गेले असते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. काकू म्हणाली, “अरे, एवढं कॉलेजात शिकतोस, तर जरा बघ तरी काय झालंय ते.”

आम्ही दोघांनी वही घेतली आणि खेळातली ठराविक चाचणी लावली. १०८० वर कार्डाचा वापर ५५ टक्क्यांच्या आसपास, पण चारही गाभे शंभराला भिडलेले. आकार ७२० केला. एफपीएस जवळजवळ तेच राहिले, फक्त कार्डाचा वापर आणखी खाली आला. नंतर आकार पूर्ववत करून लोकसंख्येची घनता कमी केली, आणि एफपीएस वाढले, धक्के कमी झाले. वहीतले तीन आकडे एकाच दिशेला बोट दाखवीत होते. नवे कार्ड आणले असते तर ते आणखी स्वस्थ बसले असते.

त्याच मदरबोर्डावर बसणारा, चार गाभे पण आठ धागे असलेला आय-७ ४७७० हा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळाला. सांगितलेल्या कार्डाच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात काम झाले. तोपर्यंतचे दोन महिने दादा घनता कमी ठेवूनच खेळला. काकांना त्या खेळातले काही कळत नाही, पण वहीचे ते पान त्यांनी पाहिले आणि “हे तुम्हाला तिकडं शिकवतात होय?” असे विचारले. बी. ए. करून काय उपयोग, हा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून निघतो. त्या दिवशी तो निघाला नाही.

चोर सोडून संन्याशाला

प्रोसेसर आणि कार्ड यांच्यावर संशय घेता घेता तिसराच चोर निसटून जाऊ नये. काही नेहमीचे चोर असे :

पहिला, कार्डाची स्वतःची स्मृती. खेळातील भिंती, कपडे, चेहरे यांची तपशीलवार चित्रे, म्हणजे ‘टेक्स्चर’, तेथे ठेवलेली असतात. ती जागा भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य स्मृतीत ठेवावा लागतो व वेळोवेळी अरुंद वाटेने आणावा लागतो. मग सरासरी बरी दिसते, पण मधूनच जोराचे धक्के बसतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला ४ जीबी स्मृती आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार वाटा होत्या. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर त्याची गती का घटते, हे या एका कारणाने कळते. उपाय सोपा : टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणून पाहावी.

दुसरा, मुख्य स्मृती. डीडीआर४-३२०० जातीची एकच पट्टी लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल वाहून नेता येतो. तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ५१.२. एकाच पट्टीवर चालणारा प्रोसेसर दाणापाणी वेळेवर न मिळालेल्या बैलासारखा असतो. दोष बैलाचा नसतो. प्रोसेसरला माल हाताशी असणे किती मोलाचे असते, हे एप्रिल २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने दाखवून दिले. त्याच्या धावण्याचा वेग आपल्या साध्या भावंडापेक्षा किंचित कमीच होता. पण जवळची साठवण ३२ ऐवजी ९६ एमबी केल्याने अनेक खेळांत तो पुढे गेला.

तिसरा, उष्णता. खेळ पहिली दहा मिनिटे उत्तम चालतो आणि मग हळूहळू मंदावतो, असे असेल तर तापमान पाहावे. मर्यादेजवळ पोहोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. पंख्यात अडकलेली धूळ काढण्यास पैसे लागत नाहीत. लॅपटॉप विजेच्या जोडणीशिवाय, नुसत्या बॅटरीवर चालविला तरी असाच मंदावतो.

चौथा चोर हास्यास्पद वाटेल, पण तो पुष्कळ ठिकाणी सापडतो. पडद्याची तार ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डाच्या खाचेत लावलेली असते, आणि महागडे कार्ड कामावाचून बसलेले असते. निदानाला बसण्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे एकदा डोकावून पाहावे.

सरासरीची फसवणूक

अर्थशास्त्रात आपण शिकतो की, दरडोई उत्पन्नाच्या सरासरीवरून गरिबाची चूल पेटली की नाही हे कळत नाही. एफपीएसचेही तसेच आहे. एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. पण त्यांतील ५९ फ्रेम पहिल्या अर्ध्या सेकंदातच निघाल्या आणि शेवटच्या फ्रेमला उरलेला अर्धा सेकंद लागला, तर सरासरी ६० च भरते, आणि खेळणाऱ्याला मात्र जबरदस्त धक्का बसतो. स्कॉट वॉसन यांनी २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’मध्ये सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून परीक्षणांची दृष्टीच बदलत गेली. आता सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही दिला जातो. सरासरी चांगली पण हा आकडा फारच खाली, असे दिसले तर प्रोसेसर, स्मृती अथवा साठवण यांच्याकडे लक्ष वळवावे. धक्का एखाद्या जागी पहिल्याच वेळी बसतो व दुसऱ्यांदा तेथे गेल्यावर बसत नाही, असे असेल तर बहुधा खेळ आपली चित्रकामाची आज्ञावली त्या क्षणी तयार करीत असतो. त्यावर नवे यंत्र हा उपाय नव्हे.

निदानानंतरचे पथ्य

निदान झाले की आधी फुकटचे उपाय करावेत. कोंडी कार्डाची असेल तर चित्राचा आकार, सावल्या, धुके, प्रतिबिंबे यांची पातळी कमी करावी. ‘डीएलएसएस’ किंवा ‘एफएसआर’सारख्या युक्त्या येथेच कामाला येतात, कारण त्या चित्र आतल्या आत लहान काढून नंतर मोठे करून दाखवितात. कोंडी प्रोसेसरची असताना हीच युक्ती एफपीएस वाढवीत नाही, आणि न वाढणे हाच आणखी एक पुरावा होय. अशा वेळी गर्दी, दृष्टीची मर्यादा, तसेच किरणांचे परिणाम कमी करावेत व मागे चालू असलेले इतर कार्यक्रम बंद करावेत. शिवाय कार्ड रिकामे आहेच, तर चित्राची गुणवत्ता वाढवावी. एफपीएस तेवढेच राहून चित्र मात्र फुकटात सुंदर होईल. ६० फ्रेम कधी मिळतात, कधी ३५ वर येतात, अशी स्थिती असेल तर ४० वर लगाम घालणे डोळ्यांना अधिक सुखाचे वाटते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएलएसएस ३ बरोबर आलेली फ्रेम-निर्मितीची युक्ती दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कल्पित फ्रेम घालते. तिने एफपीएसचा आकडा वाढतो व हालचाल मऊ दिसते. पण खेळाचा हिशेब प्रोसेसर पूर्वीच्याच गतीने करीत असतो, म्हणून कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात चपळ होत नाही. जाहिरातीतला आकडा वाचताना एवढा विवेक ठेवावा.

हे सर्व करूनही हवी ती गती मिळाली नाही, तरच खिशाला हात घालावा, आणि तोही कसोटीने दाखविलेल्या जागीच.

तात्पर्य, येथे प्रश्न केवळ खेळाचा नाही. विहिरीला पाणी आहे पण पिकाला पोहोचत नाही, तेव्हा दोष पंपाचा, विजेच्या दाबाचा की पाइपाचा, हे न पाहता पंपच बदलणारे शेतकरी आपण पाहतो. गणितात नापास होणाऱ्या मुलाला, त्याला उदाहरणाची भाषाच कळत नाही हे न पाहता, गणिताचीच आणखी एक शिकवणी लावणारे पालकही पाहतो. सल्ला देणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांना आपला सल्ला फुकट पडतो. पैसे दुसऱ्याचे जातात. ज्या घरांत पैसा मोजून येतो, त्या घरांतील मुलांनी तरी सल्ला ऐकून घ्यावा, वही उघडावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी व आकडा लिहून ठेवावा. मग बंब कोणत्या गावी न्यावयाचा ते आपोआप कळेल. असो. विस्तारभयास्तव येथेच थांबतो.